तिसरा परिच्छेद वगळा : जिल्ह्यातल्या माजी सैनिक संघटनांना खुले पत्र

सातारा जिल्ह्यातील माजी सैनिक संघटनांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व सभासद बंधू-भगिनींना,

जय हिंद.

येत्या २६ जुलैला कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमात मांडायच्या ठरावाचा मसुदा आपल्यात फिरतो आहे. मी तो दोनदा वाचला. पहिल्या दोन परिच्छेदांवर माझी सही हवी तेव्हा घ्या. पहलगाममध्ये गेलेल्या २६ जणांना श्रद्धांजली आणि ऑपरेशन सिंदूरमध्ये लढलेल्या जवानांना सलाम, यात दुमत असायचं कारणच नाही. त्या २६ जणांत आपल्या महाराष्ट्रातले सहा होते. डोंबिवली, पुणे, पनवेल इथल्या त्या घरांमध्ये काय चाललं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

माझा विरोध तिसऱ्या परिच्छेदाला आहे. मे २०२५ मध्ये त्या कारवाईच्या वेळी ज्यांनी युद्ध नको असं लिहिलं-बोललं, त्यांना सैनिकांच्या कुठल्याही कार्यक्रमाला बोलावू नये आणि प्रशासनाने त्यांच्यावर गुन्हे नोंदवावेत, अशी मागणी त्यात आहे. ठराव उघड मांडला जाणार आहे, म्हणून मीही उघड लिहितो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. बेळगावच्या सेंटरला कसम परेड झाली, तेव्हा माझे वडील मैदानाच्या कडेला उभे होते. तुमच्यातल्या बहुतेकांनी तशीच शपथ घेतली आहे. राज्यघटनेशी निष्ठा ठेवू, वरिष्ठांचा हुकूम जिवावर बेतला तरी पाळू. शपथ घेताना आपण जीव द्यायला तयार झालो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच दिवशी आपण आणखी एक गोष्ट देऊन टाकतो आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ती म्हणजे बोलण्याचा हक्क. घटनेच्या ३३व्या कलमाने संसदेला सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे. आर्मी रूल्सचा एकविसावा नियम सांगतो की राजकीय प्रश्नावर किंवा सेनेच्या कामाबद्दल परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहायचं नाही, भाषण द्यायचं नाही. हे योग्यच आहे. चौकीवरचा जवान सकाळी उठून विचारू लागला की ही लढाई कशासाठी, तर सेना चालणार नाही.

पण मग हा प्रश्न विचारायचा कोणी? सरकार कुठल्याही पक्षाचं असो, ते पोरांना सीमेवर पाठवतं तेव्हा कारण पुरेसं आहे का, दुसरा मार्ग खरोखर संपला का, किती दिवस, कशासाठी, परत कसं यायचं, हे विचारणारं कोणीतरी हवं. जवान विचारू शकत नाही. त्याची बायको विचारायला घाबरते, कारण घरच्या माणसाच्या नोकरीला धक्का लागेल असं तिला वाटतं. उरतो तो सामान्य नागरिक. गणवेशातल्या माणसाने जो हक्क सोडून दिला आहे, तोच हक्क वापरून तो नागरिक त्याच्या वतीने बोलत असतो. त्याचं बोलणं आपल्याला पटेल किंवा पटणार नाही. पण त्यालाच गप्प केलं, तर जवानाच्या जिवाचा हिशेब विचारणारा शेवटचा माणूसही गेला. तुमचा तिसरा परिच्छेद मला सैनिकविरोधी वाटतो तो यामुळे.

आता मे महिन्याकडे वळतो. लग्नाला पुरता आठवडाही झाला नसताना पहलगाममध्ये मारल्या गेलेल्या नौदलाच्या तरुण अधिकाऱ्याच्या पत्नीने, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्यायही हवा, असं सांगितलं. त्यावर तिला समाजमाध्यमांत जे ऐकावं लागलं ते मी इथे लिहिणार नाही. राष्ट्रीय महिला आयोगाला पुढे येऊन सांगावं लागलं की हे चुकीचं आहे. १० मे रोजी शस्त्रसंधी जाहीर झाली. निर्णय सरकारचा, परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी तो फक्त वाचून दाखवला, तरी शिव्या त्यांना आणि त्यांच्या मुलीलाही पडल्या. आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला एका पोस्टसाठी अटक झाली. दुसऱ्याची पोस्ट तिने पुढे पाठवली होती, काही वेळात काढून टाकली होती आणि माफीही मागितली होती. त्या पोस्टमधलं मत मला मान्य नाही. तरी ती येरवड्यात होती, तेव्हा तिची परीक्षा चालू होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावलं, तिच्या सुटकेचा आदेश दिला आणि कॉलेजने काढून टाकल्याच्या पत्रालाही स्थगिती दिली. उच्च न्यायालयाने ज्या गोष्टीवर इतक्या स्पष्टपणे बोट ठेवलं, तीच गोष्ट आपण आपल्या नावाने, आपल्या पदकांच्या साक्षीने पुन्हा मागायची?

त्याच दिवसांत ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं आणि आपलं सैन्य इस्लामाबादपर्यंत पोचल्याचं सांगितलं. यातलं काहीच घडलेलं नव्हतं. ज्यांची मुलं खरोखर सीमेवर होती, ती घरं ती रात्र कशी काढत होती, ते विचारून पाहा. माझ्या शेजारच्या वहिनी टीव्ही बंद करून फोन हातात धरून बसल्या होत्या. पुंछमध्ये तोफगोळे पडत होते, माणसं मरत होती, त्यांत एक जुळी भावंडंही होती. स्टुडिओत मात्र जल्लोष चालला होता. सैनिकाचा अपमान कुठे झाला हे शोधायचं असेल, तर मला तो त्या जल्लोषात दिसतो. त्याबद्दल मसुद्यात एक ओळही नाही.

आपल्यातच मतं दोन आहेत, हे मला माहीत आहे. काही जण म्हणतात की हात सुटला होता, तर काम पुरं करायला हवं होतं. हे म्हणणं हलकं नाही. कारगिलच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल वेद मलिक यांनीही शस्त्रसंधीनंतर विचारलं की या सगळ्यातून राजकीय आणि सामरिक फायदा नेमका काय झाला. कारगिलमध्येही नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता. वर शिखरांवरून खाली नेम धरून बसलेल्या शत्रूवर समोरून चढावं लागलं. ५२७ जण गेले. रेषा ओलांडू दिली असती तर त्यातले किती वाचले असते, यावर आजही दोन जुने सैनिक एकत्र बसले की वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

दुसऱ्या बाजूला जनरल मनोज नरवणे आहेत. आपल्या पुण्याचे, २०१९ अखेर ते एप्रिल २०२२ पर्यंत लष्करप्रमुख, गलवान त्यांच्याच काळात झालं. शस्त्रसंधीनंतर लगेच पुण्यातल्या एका कार्यक्रमात ते बोलले. युद्ध म्हणजे सिनेमा नव्हे, त्याचे गोडवे गाऊ नयेत, असं त्यांनी सांगितलं. सीमेवरच्या मुलांनी रात्री-अपरात्री गोळाबारी पाहिली, त्यांच्या मनावर ते आयुष्यभर राहतं, याची आठवण त्यांनी करून दिली. सैनिक म्हणून हुकूम झाला तर मी जाईन, पण माझी पहिली पसंती वाटाघाटींना असेल, असंही ते म्हणाले. आता सांगा, तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे नरवणे साहेबांना आपल्या कार्यक्रमाला बोलवायचं की नाही?

नरवणे साहेबांच्या काळातलीच एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०२० साली नियंत्रण रेषेवर पाच हजारांहून जास्त वेळा शस्त्रसंधी मोडली गेली. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तेव्हा राजौरीच्या बाजूला होता. फोन आला की त्याची आई आधी त्याचा श्वास ऐकायची आणि मग बोलायची. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी दोन्ही देशांच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, एक छोटंसं संयुक्त निवेदन काढलं. गोळीबार जवळजवळ थांबला. पोरं बंकरबाहेर उन्हात बसून दाढी करू लागली. खालच्या गावांत लोकांनी सीमेलगतची शेतं पुन्हा पेरली. किती आयांचे मुलगे त्या एका कागदाने वाचवले असतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण जो मेला नाही त्याची नोंद होत नाही.

मी स्वतः २००३ च्या नोव्हेंबरमध्ये पुंछ सेक्टरला होतो. ईदच्या सुमाराला शस्त्रसंधी लागू झाली. पहिल्या रात्री आम्हाला झोप आली नाही, कारण शांततेची सवयच नव्हती. त्यानंतरच्या महिन्यांत नियंत्रण रेषेवरचं तारेचं कुंपण पुरं झालं. त्याआधी कुंपणाचं काम करणाऱ्यांवर पलीकडून गोळ्या यायच्या. त्या कुंपणाने पुढे किती घुसखोर अडवले हे तुमच्यातल्या अनेकांनी स्वतः पाहिलं आहे. बोलणी आणि शस्त्रसंधी म्हणजे कच खाणं, असं जो म्हणतो त्याने त्या कुंपणालगत एक हिवाळा काढलेला नाही.

माझ्या तरुण सभासद मित्रांना ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांची ओळख कदाचित नसेल. १९७१ च्या युद्धात आयएनएस बियास या जहाजाचे ते कमांडर होते, वीरचक्राचे मानकरी. १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत राहिले, आणि भारत-पाकिस्तान लोकांमध्ये संवाद राहावा म्हणून आयुष्यभर झटले. अण्वस्त्रांना उघड विरोध केला. २००४ साली पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रहमान यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मार्च २०२४ मध्ये ते गेले. त्यांची सगळी मतं मला पटत होती असं नाही. अण्वस्त्रांबाबत माझं मत वेगळं आहे. पण ज्याने शत्रूच्या समुद्रात जहाज नेलं, त्याच्या देशप्रेमाची परीक्षा आपण कोण घेणार? आणि त्यांना ही सूट वीरचक्रामुळे द्यायची असेल, तर घटनेत वीरचक्राची अट कुठे घातली आहे? शाळेतल्या बाईंना, कॉलेजातल्या पोराला, एसटीच्या कंडक्टरला तोच हक्क आहे.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. गावात त्यांचं स्मारक आहे, आपण दरवर्षी तिथे हार घालतो. ते लढले ब्रिटिश साम्राज्यासाठी. त्यांच्या शौर्याला कोणी बोट लावू शकत नाही. पण ते युद्ध आपलं होतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीला मदत करायची तयारी ठेवून स्वराज्याचा मुद्दा काढला. गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना थांबवलं, तेव्हा ते सभेतून निघून गेले. मराठी पोरांनी सैन्यात जावं असं टिळकांना वाटत होतं, आणि त्यांना कोण, कशासाठी, कुठल्या अटीवर पाठवतं आहे हे विचारायचं त्यांनी सोडलं नाही. या दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी राहिल्या आहेत.

अमेरिकेचं उदाहरण थोडक्यात सांगतो. इराक युद्धाच्या काळात तिथे ‘सैनिकांना पाठिंबा द्या’ असे स्टिकर गाडी-गाडीवर होते. २००७ साली बाहेर आलं की वॉल्टर रीड या त्यांच्या नावाजलेल्या लष्करी इस्पितळाच्या आवारात जखमी जवान बुरशी लागलेल्या, उंदरांच्या खोल्यांत राहत होते. स्टिकर लावून पाठिंबा देता येतो, त्याला खर्च येत नाही.

आपल्याकडे बघू. एक जवान जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवर भयंकर थंडीत गस्त घालताना गेला. त्याच्या पत्नीला उदारीकृत (म्हणजे नेहमीपेक्षा वाढीव) कुटुंब निवृत्तिवेतन द्यावं असा निकाल लष्करी न्यायाधिकरणाने दिला, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ते अपील फेटाळलं, अशा बाईला न्यायालयात खेचायलाच नको होतं असं सुनावलं आणि तिला ५०,००० रुपये द्यायला लावले. नवरा गेल्यापासून जवळजवळ बारा वर्षं. या बारा वर्षांत तिच्या बाजूने किती मोर्चे निघाले? अपंगत्व पेन्शनचे असे दावे आपल्यातल्या कित्येकांचे चालू आहेत. मेडिकल बोर्ड लिहितं की आजार सेवेमुळे झाला नाही, आणि मग गुडघे गेलेला माणूस तारखांना फिरतो.

अग्निवीरांचं बघा. चार वर्षं, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीचे घरी, पेन्शन नाही. कर्तव्यावर गेला तर विम्याचे ४८ लाख आणि सानुग्रह ४४ लाख मिळतात, पण विधवेला किंवा आईवडिलांना आयुष्यभराचं कुटुंब निवृत्तिवेतन नाही. बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर गेला. त्याच बर्फात त्याच्या शेजारी उभा असलेला नियमित जवान गेला असता, तर त्याच्या घराला जन्मभर पेन्शन मिळाली असती. बर्फ दोघांना सारखाच होता. या विषयावर आपल्या संघटनांचा ठराव मला अजून दिसलेला नाही.

खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून. कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर गेलेले आपले भाऊ तिथे राहतात. कोणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतो, कोणी चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतो. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९६५ च्या युद्धात अंगावर गोळ्या झेलल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. शेहेचाळीस वर्षं! आपल्या ठरावातला राग मला यासाठी खर्ची पडलेला बघायचा आहे.

आता युद्ध नको म्हणणाऱ्यांनाही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. तुमच्यातले काही जण लिहितात की जवान पगारासाठी जातो, त्यात कसला त्याग. हे वाचून आमच्या घरातल्या बायका रडल्या आहेत. दुष्काळी तालुक्यातला पोरगा नोकरीसाठीच भरतीच्या मैदानावर पळतो, हे खरं. पण बर्फात त्याला उभं ठेवतं ते पगाराचं पाकीट नव्हे. शेजारी त्याचा जोडीदार असतो, पलटणीचं नाव असतं. युद्धाला विरोध करा, आमची ना नाही. पण ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या निधीसाठी कोणी दारात आलं तर दार उघडा. गावात विधवा बहीण सैनिकी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर हयातीचा दाखला भरताना अडली असेल तर तिच्यासोबत बसा. पार्थिव येतं त्या दिवशी अख्खा तालुका जमतो. दुसऱ्या वर्षी त्या अंगणात कोणी नसतं. तिथे तुम्ही दिसलात, तर तुमच्या शांततेच्या बोलण्याला आमच्यातही कान मिळतील.

आणि युद्ध कधीच नको, असं मी म्हणत नाही. १९७१ मध्ये एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्या दारात होते, तेव्हा लढणं भाग होतं. पहलगामनंतर काहीच करू नये असंही माझं मत नव्हतं. पण किती, कुठे, कुठवर, हे ठरवताना देशात मोकळेपणाने वाद झाला तर हुकूम देणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो, आणि त्या दुसऱ्या विचारात आपली पोरं वाचतात.

म्हणून माझी विनंती अशी. तिसरा परिच्छेद पूर्ण वगळा. त्याच्या जागी अग्निवीरांच्या कुटुंबांना नियमित जवानांइतकंच निवृत्तिवेतन मिळावं, आणि वीरपत्नी व जखमी सैनिकांच्या बाजूने लागलेल्या निकालांविरुद्ध सरकारने अपिलात जाऊ नये, या दोन मागण्या घाला. २६ जुलैच्या व्यासपीठावर एक खुर्ची अशा नागरिकाला द्या ज्याने मे महिन्यात युद्ध थांबवा असं म्हटलं होतं, आणि त्याच्या शेजारी अशा सैनिकाला बसवा ज्याला ते थांबायला नको होतं. दोघांना प्रत्येकी दहा मिनिटं द्या. ऐकायला मी पहिल्या रांगेत असेन.

परिच्छेद वगळला नाही, तरी मी कार्यक्रमाला येईन, स्मारकाला हार घालीन. ठरावाच्या वेळी मात्र उभा राहून विरोध नोंदवीन. तो इतिवृत्तात लिहून घ्यावा, ही सचिवांना आत्ताच विनंती.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
मराठा लाइट इन्फंट्री, सातारा जिल्हा